खुणा पाडलेलं घर

घर हलवायचं झालं तर आधी त्याच्यावर खुणा पाडाव्या लागतात. कुठला ओंडका कुणाच्या छातीवर बसला होता ते विसरलं, की किल्ल्यात नेऊन पुन्हा रचताना नवराबायकोची भांडणं ठरलेली. म्हणून योर्गेन शिडीवर चढून छिन्नीनं एकेका ओंडक्याच्या टोकाशी रेघा खोदत होता, आणि खाली अंगणात सिडसेल कोंबड्यांना दाणे टाकत होती. नवऱ्याशी तिनं बोलणं टाकलं होतं. कोंबड्यांशी मात्र ती बोलत होती, आणि तेही शिडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"खाऊन घ्या गं बायांनो. पुढच्या आठवड्यात किल्ल्यात जायचंय. तिथं उकरायला माती नाही की अंडी घालायला आडोसा नाही. शेजारणीच्या चुलीचा धूर आपल्या नाकात. का, तर आमच्या मालकांना बंदूक चालवायची हौस आली."

"अगं, बोलायचंय तर सरळ मला बोल की."

"मी कोंबड्यांशी बोलतेय."

"कोंबड्यांना काय कळतंय?"

"कळतं हो. न बघता चोच मारत नाहीत त्या."

योर्गेननं छिन्नीवर हातोडा जरा जास्तच जोरात घातला.

हे घर म्हणजे सिडसेलचा जीव की प्राण. नव्या धर्मासाठी डेन्मार्क सोडलं, समुद्र ओलांडला, हातगाडी ढकलत ढकलत ते अफाट माळरान तुडवलं, आणि डोंगरांच्या या दरीत, गिलियड गावात येऊन पोचल्यावर पहिला हिवाळा काढला तो टेकडीच्या पोटात खणलेल्या बिळात. तिथं छतातून एकदा साप पडला तो नेमका तिच्या कणकेत. दुसरा हिवाळा गाडीच्या कापडाखाली गेला. मग ओढ्याकाठी हे घर उभं राहिलं. पायाखाली फळ्या, सॉल्ट लेकहून उशीत गुंडाळून आणलेली काचेची खिडकी, आणि घराच्या पाठीला तिनं स्वतःच्या हातानं बांधलेली कच्च्या विटांची भट्टी. ओंडके उचलून नेता येतात, काचही नेता येते. भट्टी नेता येत नाही, ती फोडावीच लागते. तिकडे पाहिलं की सिडसेल कोंबड्यांना आणखी दोन शब्द सुनवायची.

झालं होतं ते असं. जोडीतला डावा बैल, ब्लेस, कुरणातून नाहीसा झाला. तांबडा, धिप्पाड, कपाळावर पांढरा पट्टा. योर्गेननं सगळं गायरान पालथं घातलं. जोडीतला दुसरा, ब्रून, होता. दशमांशाचा म्हणून देवासाठी बाजूला काढलेला तांबडा गोऱ्हासुद्धा विलोच्या झाडाखाली निवांत रवंथ करत होता. तो ब्लेसच्याच आईचा, तसाच पट्टा कपाळावर. "देवाचं जनावर इथंच पडलंय, न्यायला कुणी येत नाही, आणि माझा बैल तेवढा गेला," असं कुरकुरत योर्गेन बंदूक घेऊन ओढ्याकाठी बसला. दिवस बुडताना पलीकडच्या झाडीतून दोन यूट स्वार, दरीतल्या मूळ टोळीचे, उतरताना दिसले. त्यानं हाक मारली नाही, विचारलं नाही. बार काढला. गोळी एकाच्या दंडाचं मांस घेऊन घोड्याच्या मानेत शिरली, आणि घोडं जागच्या जागी बसलं ते उठलंच नाही.

दंडाला लागलं तो तावूतचा जावई. तावूत हा ओढ्याच्या वरच्या अंगाला तळ टाकून राहणाऱ्या यूट लोकांचा म्होरक्या. तावूत म्हणजे त्यांच्या भाषेत ससा. देह मात्र असा की सिडसेलच्या दारातून त्याला तिरकं होऊन आत यावं लागे. पानं पिवळी पडली की तो यायचा, पोटावर हात मारून "तिकाबू" म्हणायचा, म्हणजे दोस्त, आणि भट्टीतला गरम पाव काखेत मारून जायचा. बदल्यात कधी हरणाचं कातडं, कधी पाइनच्या बिया ठेवून जायचा. गोळी सुटल्यापासून तो आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बिशप पेक घोडीवरून आले. खाली उतरलेसुद्धा नाहीत. दक्षिणेकडच्या गावांत गावकरी आणि यूट, दोन्हीकडची माणसं मेल्यावर सॉल्ट लेकच्या वरिष्ठांचा हुकूम आला होता, की सुटी घरं पाडा, सगळ्यांनी गावाच्या तटबंदीत, किल्ल्यात या, यूट लोकांशी लढू नका, त्यांना खाऊ घाला. बिशपनी तो आजवर 'आपलं तावूतशी बरं आहे' म्हणून थोपवून धरला होता.

"आता कुठल्या तोंडानं थोपवू?" ते म्हणाले. "योर्गेनभाऊ, घराला खुणा पाडायला लागा. मी तावूतशी बोलतोय. उपासाच्या गुरुवारपर्यंत समेट झाला तर ओढ्याकाठची घरं राहतील. नाही झाला तर शुक्रवारी गाड्या येतील."

"त्यांनी बैल नेला त्याचं काय?"

"नेताना पाहिलंत?"

योर्गेन छिन्नी शोधायला आत गेला. तेव्हापासून सिडसेलचं बोलणं बंद होतं.

रविवारी ती नेहमीसारखी पहाटे उठली. गावाच्या प्रभुभोजनाचा पाव तिच्याच भट्टीतून जायचा. सभागृह नुसतं ओंडक्यांचं आणि गळकं असलं तरी पावाला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. कणीक तिंबताना तिला वाटलं, ही शेवटची खेप असेल तर निदान चांगला फुगू दे. आणि पाव फुगला तो असा, की टोपलीवरचं फडकं वर उचललं गेलं.

सभागृहात तिच्या बाजूला थर्झा बसली होती. बिशपची धाकटी बायको, ओठांवर हसू आणि जिभेला धार. त्या नव्या धर्मात एकाहून जास्त बायका चालायच्या. थोरली गावाच्या त्या टोकाला, थर्झा या टोकाला, आणि बिशप आपले आठवडाभर मधल्या रस्त्यावर. समोर बिशप स्तोत्राचं पुस्तक हाताच्या अंतरावर धरून, मान मागे घेऊन, एकेक ओळ चाचपत वाचत होते.

"चष्मा?" सिडसेलनं हळूच विचारलं.

"थोरलीकडे राहिला," थर्झा कुजबुजली. "नेहमीचंच आहे. चष्मा एका घरी आणि नाक दुसऱ्या घरी."

सिडसेलला हसू आवरेना. पण बिशपनी पुस्तक मिटलं आणि ते बोलायला लागले तेव्हा तिचं हसू विरलं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत लोक कान देऊन ऐकायचे.

"ज्याच्या हातून शेजाऱ्याचं रक्त सांडलंय आणि मिटवामिटव झालेली नाही, त्यानं या पावाला हात लावू नये. नाव घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे."

नाव घ्यायची गरजच नव्हती. ताट बाकांवरून पुढे सरकत आलं. पुरुषांच्या बाजूला योर्गेन बसला होता, धुतलेला सदरा, पाण्यानं चापून बसवलेले केस. ताट त्याच्यापाशी आलं. त्यानं दोन्ही हातांनी धरलं, आपल्या बायकोच्या हातचा पाव क्षणभर पाहिला, आणि न घेताच पुढच्याकडे दिला. त्याची मान कॉलरपासून कानांपर्यंत तांबडी झाली. पुढच्या बाकावरची माणसं मुद्दाम मागे बघत नव्हती, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. सिडसेलनं आपला तुकडा तोंडात टाकला. चार दिवसांचा तिचा राग त्या ताटाबरोबर कुठेतरी निघून गेला आणि मागे नुसती कणव राहिली. तरी घरी जाताना ती बोलली नाही. एकदा सुरू केलेलं लगेच सोडलं तर पुढच्या वेळी कोण भिणार?

बिशपनी शेवटी आणखी एक सांगितलं होतं. गुरुवारच्या उपासाचं वाचलेलं अन्न दर महिन्याला गावातल्या अडल्यानडल्यांना जायचं. या महिन्यात ते तावूतच्या तळावर जाणार.

"म्हणजे पोटाला चिमटा आपण काढायचा आणि जेवायचं त्यांनी," बाहेर एक जण पुटपुटला.

"तुम्ही कुठला काढताय चिमटा," थर्झा जाता जाता म्हणाली. "मागच्या उपासाला तुमच्या धुराड्यातून धूर निघत होता दुपारी. मला वाटलं आग लागली, पाणी घेऊन येणार होते."

सोमवारी बिशप तावूतचं उत्तर घेऊन आले. या वेळी घोडीवरून उतरले, आणि ओसरीवरच्या फळीवर बसले.

"तो म्हणतो, बैल आम्ही नेला नाही. आणि म्हणतो, माझ्या जावयाचा हात गळ्यात, त्याचं घोडं कोल्ह्यांच्या पोटात. घोड्याची भरपाई हवी." बिशपनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी ब्रून द्यायचं कबूल केलंय."

योर्गेन ताडकन उठला. "ब्रून? एक त्यांनी नेला आणि दुसरा मी स्वतः हातानं नेऊन देऊ? वर तोंड वाकडं होईपर्यंत हसूसुद्धा?"

"हसायचं तुमच्यावर आहे. बैल द्यायचाच आहे."

"मग नांगराला कोण? मी आणि ही?"

"मला नका जुंपू," सिडसेल आतून म्हणाली. खिडकीशी उभी राहून ती त्या एकुलत्या काचेवरून फडकं फिरवत होती. कोंबड्यांना मध्ये न घालता नवऱ्याशी ती इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली, आणि दोघांनाही ते कळलं.

बिशप गेल्यावर योर्गेन फळीवर टेकला. मग म्हणाला, "घर की बैल, असंच आहे ना हे?"

"मला विचाराल तर घर," ती म्हणाली. "पण जनावराशिवाय घरात बसून खायचं काय, तेही मला माहीत आहे. म्हणून मी विचारू नका म्हणते." आणि तिला रडू आलं. योर्गेन उठून आत आला आणि तिच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभा राहिला. त्याचा हात चरबीचा आणि लाकडाचा वास मारत होता. तिनं तो झटकला नाही.

बुधवारी लोणी पोचवायचा दिवस. पिकातला, जनावरांतला, लोण्याअंड्यांतला दहावा हिस्सा देवाचा, आणि तो जमा व्हायचा किल्ल्याच्या दारातल्या कोठारात. सिडसेल मडकं कमरेवर घेऊन गेली तेव्हा कोठाराशेजारच्या गुरांच्या वाड्यात धुरळा उडालेला. वरून आलेल्या हुकुमामुळे देवाच्या नावाची सगळी जनावरं डोंगरातल्या लांबच्या कुरणातून खाली आणली होती. थर्झा दाराशी तराजू घेऊन लोणी तोलत होती.

"मडकं इथं ठेव. धुरळा बसेल त्यात, देवाला कचकच लागेल."

सिडसेलनं मडकं ठेवलं आणि तिच्या कोपराला मागून कुणीतरी ओलं नाक लावलं. मग एक खरखरीत जीभ तिच्या एप्रनच्या खिशात शिरली. तिथं ती नेहमी पावाचे कडक तुकडे ठेवायची, एकाच जनावरासाठी. तिनं वळून पाहिलं. तांबडा, धिप्पाड, कपाळावर पांढरा पट्टा. कुंपणाच्या फटीतून मान काढून ब्लेस तिचा खिसा शोधत होता.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा म्हणाली, "अगं बाई गं."

"काय झालं?"

"हा आमचा बैल आहे."

"हा? तो तर तुमच्या दशमांशाचा गोऱ्हा. आमच्या ह्यांनी स्वतः हाकून आणला, दुसऱ्या जनावरांबरोबर तसाच डोंगरावर पाठवला."

"गोऱ्हा अजून विलोखाली बसलाय, थर्झा! न्यायला कुणी येत नाही म्हणून आमचे हे रोज नावं ठेवत होते." सिडसेलनं ब्लेसच्या मानेवरून हात फिरवला. जुवाचा घट्टा हाताला लागला. "हा बघ घट्टा. गोऱ्ह्याच्या मानेला कधी घट्टा असतो का?"

तेवढ्यात कोठारातून बिशप बाहेर आले. आज चष्मा नाकावर होता. त्यांनी सिडसेलकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. बैल तोच राहिला.

"तुम्ही कधी आणलात हा?" थर्झानं विचारलं.

"गेल्याच्या आधीच्या शनिवारी. संध्याकाळी."

"त्या शनिवारी चष्मा माझ्या घरी होता. पिठाच्या डब्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेऊन दिला थोरलीकडे."

बिशप एका खोक्यावर बसले. एवढा मोठा माणूस, पण तिथं बसल्यावर म्हातारा दिसायला लागला.

"अहो," थर्झाचा आवाज एकदम मऊ झाला. "उद्याचा उपास होऊ दे. समेट होऊ दे. मग सांगा हवं तर. आत्ता लोकांना कळलं की चोरीचा बैल देवाच्याच गोठ्यात होता, तर तुमचं कोण ऐकेल? किल्ल्यात या म्हणाल तर म्हणतील, आधी चष्मा आणा."

बिशप "हं" म्हणाले. त्या एका हुंकारात त्यांना हो म्हणायचंय की काय, असं सिडसेलला वाटलं. तिला कुणाला पाण्यात पाहायचं नव्हतं. बिशपनी त्या बिळातल्या हिवाळ्यात आपल्या वाटचं पीठ तिच्या दारात आणून ठेवलं होतं, हे ती विसरली नव्हती. तरीही तिनं ब्लेसचा कान धरून ठेवला आणि म्हणाली, "बिशप, रविवारी ताट माझ्या माणसापुढून तसंच गेलं. सगळ्या गावानं बघितलं."

"मीही बघितलं, सिडसेलताई."

"त्यानं गोळी घातली, ते वाईटच. मी त्याची बाजू घेत नाही. घरी विचारा, कोंबड्या सांगतील. पण तावूतला गाव चोर म्हणतंय. तो चोर नाही."

बिशपनी मान हलवली. मग उठले, कुंपणाची आडवी दांडी काढली, आणि ब्लेसचा कासरा स्वतः तिच्या हातात दिला.

"घेऊन जा. उद्या सभेत मी सांगतो. थर्झा, आज मला कुठल्या घरी जेवण मिळणार नाही एवढंच सांग."

"दोन्हीकडे," थर्झा म्हणाली, पण तिनं डोळे पुसले.

सिडसेल बैल घेऊन घरी आली तेव्हा योर्गेन शिडीवर होता. छपराच्या फळ्या त्यानं उतरवायला घेतल्या होत्या. माजघरावर आभाळ दिसत होतं. तो उतरताना दोन पायऱ्या चुकला. आधी त्यानं ब्लेसच्या गळ्याला मिठी मारली. मग तिनं सगळं सांगितलं, आणि तो तसाच मातीत बसला.

"म्हणजे त्यांनी नेलाच नव्हता."

"नाही."

"तो पोरगा नुसता घरी चालला होता."

"हो."

"सिडसेल, मी डोक्यावर नेम धरला होता गं." त्यानं तोंडावर हात घेतले. "हात हलला म्हणून."

ती त्याच्या शेजारी मातीत बसली. ब्लेस तिच्या खिशातला उरलेला तुकडा शोधत राहिला.

गुरुवारी सगळं गाव उपाशीपोटी सभागृहात जमलं. बिशप उभे राहिले आणि प्रार्थनेच्याही आधी बोलले.

"योर्गेनभाऊंचा बैल सापडला. देवाच्या गोठ्यात होता. नेणारा मी. चष्मा नव्हता आणि विचारायला थांबलो नाही." मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसलं. बिशप थांबले, हसणं संपू दिलं. "हसा. पण ज्या माणसाला आपण आठवडाभर चोर म्हणत होतो, तो ओढ्यापलीकडे जखमी जावयाजवळ बसला होता आणि तरी आपल्या गुरांना हात लावायला त्यानं कुणाला जाऊ दिलं नाही. योर्गेनभाऊंची गोळी योर्गेनभाऊंची. पण तिच्यात दारू मी भरली. समेट होईपर्यंत त्या ताटाला मीही हात लावणार नाही."

सभा सुटल्यावर ज्यानं चिमट्याची तक्रार केली होती, तोच पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन आला आणि थर्झाच्या हातगाडीत टाकून तिच्याकडे न बघता निघून गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा चौघं ओढा ओलांडून निघाली. बिशप पायी, हातात त्यांच्या तांबूस घोडीचा लगाम. ती घोडी त्यांना दोन्ही बायकांहून प्रिय आहे असं थर्झा म्हणायची. योर्गेन ब्रूनला घेऊन. बैल न्यायलाच हवा असं आता कुणी म्हणालं नव्हतं, तरी त्यानं ब्रूनचा कासरा खुंट्यावरून सोडला होता आणि चालायला लागला होता. मागे थर्झाची हातगाडी, आणि सिडसेलच्या टोपलीत सकाळीच भाजलेले पाव. उपाशीपोटी पाव भाजणं म्हणजे काय असतं ते ज्यानं भाजलेत त्यालाच ठाऊक. बंदूक कुणाकडेच नव्हती.

तळावर कुत्री भुंकली, पोरं आया-बायांच्या मागे लपली. तावूत आपल्या राहुटीसमोर घोंगडी पसरून बसला होता, शेजारी जावई, दंडाला पानांचं पोटीस बांधलेलं. पोरसवदा, डोळे मोठे. योर्गेनला पाहून त्याचा चांगला हात आपोआप दुखऱ्या दंडावर गेला.

तावूतला त्यांची भाषा चांगली यायची, मनात असेल तेव्हा. आज मनात होतं.

बिशपनी सगळं सांगितलं. बैल, गोठा, चष्मा. चष्मा काढून दाखवलासुद्धा. तावूतनं तो हातात घेतला, नाकावर लावला, डोळे बारीक करून त्यातून योर्गेनकडे पाहिलं आणि परत दिला.

"तुमचा देव बैल नेतो," तो म्हणाला, "आणि गोळी माझ्या जावयाला."

"देवानं नाही नेला. मी नेला."

"तुम्ही आल्यापासून हरणं डोंगरापलीकडे गेली. ओढ्यातले मासे तुमच्या पाटात गेले. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. एक बैल चुकला तर चोर आम्ही."

बिशपनी घोडीचा लगाम जावयाच्या पायाशी ठेवला. "तुझ्या घोड्याच्या बदल्यात. ही माझी आहे, देवाची नाही. नीट बघून आणलीय."

जावयानं घोडीकडे पाहिलं. तिनं त्याच्या केसांचा वास घेतला. त्याच्या तोंडावर हसू फुटायला आलं आणि त्यानं ते सासऱ्याकडे बघून दाबलं.

मग योर्गेन पुढे झाला. त्याला बोलता येत नव्हतं. डेन्मार्कमध्येही कधी आलं नव्हतं. "हा बैल," तो म्हणाला. "मी न बघता गोळी घातली. घे."

तावूतनं ब्रूनच्या बरगड्यांवर थाप मारली. "एकटा बैल मी काय करू? घेऊन जा. ह्याचा हात महिनाभर कुऱ्हाड धरणार नाही. ह्याच्या वाटचं लाकूड तू फोडायचंस. रोज. बायका सांगतील किती."

राहुट्यांच्या बाजूनं बायकांचा हसण्याचा आवाज आला. योर्गेनचे कान तांबडे झाले. "फोडीन," तो म्हणाला.

"आणि ही म्हणते," तावूतनं सिडसेलकडे बोट केलं, "किल्ल्यात जाणार. भट्टी फोडणार. मग माझा पाव?"

"मी कधी म्हटलं? हे म्हणतात," सिडसेल म्हणाली आणि बिशपकडे पाहिलं.

"आम्ही ओढ्यावर बसलोय तोवर तिच्या घराकडे कोण जाईल?" तावूत म्हणाला. "मी बसलोय ना."

बिशपनी मान खाली घातली. "ओढ्याकाठची घरं राहतील," ते म्हणाले. वरच्यांना काय उत्तर द्यायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. सिडसेलनं टोपली तावूतपुढे ठेवली.

तावूतनं टोपलीवरचं फडकं काढलं. वरचा पाव उचलला, वास घेतला, आणि दोन्ही हातांनी मोडला. पहिला तुकडा जावयाला दिला. दुसरा योर्गेनपुढे धरला.

योर्गेनचा हात अर्ध्यावर थांबला. तो बिशपकडे बघत होता. रविवारचं ताट त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, हे सिडसेलला इतकं स्वच्छ दिसलं की तिला ओरडून सांगावंसं वाटलं, घ्या हो, घ्या. बिशपनीच पुढे होऊन हात पसरला. तावूतनं तिसरा तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. मग योर्गेननंही घेतला, आणि दोघं पुरुष, सकाळपासून उपाशी, त्या घोंगडीच्या कडेला बसून खायला लागले, आणि योर्गेनच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं ते त्यानं पुसलं नाही.

"मीठ कमी आहे," तावूत तोंड भरून म्हणाला.

"तुम्हाला कधी पुरलंय मीठ?" सिडसेल म्हणाली.

शुक्रवारी गाड्या आल्या नाहीत. योर्गेननं छपराच्या फळ्या परत ठोकल्या, आणि दुपारनंतर कुऱ्हाड खांद्यावर टाकून ओढ्यापलीकडे गेला. परत आला तेव्हा हातांना फोड आले होते आणि त्याच्या लाकूड फोडण्याच्या पद्धतीवर यूट बायकांनी काय काय म्हटलं ते त्याला समजलं नव्हतं, हे एक बरं झालं होतं. सिडसेलनं फोडांना लोणी लावलं. रविवारी ताट आलं, तेव्हा त्यानं ते थोडा जास्तच वेळ धरून ठेवलं, आणि मग तुकडा घेतला.

बर्फ पडायच्या आधी एका दुपारी तो रंधा घेऊन भिंतीपाशी उभा राहिला.

"ह्या रेघा तासून टाकू का? वाईट दिसतात. येणाराजाणारा विचारतो."

सिडसेल भट्टीत हात घालून आच बघत होती. तिनं वळून पाहिलं. कोपऱ्याकोपऱ्यांतून, जमिनीपासून छपरापर्यंत, एकेका ओंडक्यावर नवऱ्यानं खोदलेल्या त्या नीटस खुणा.

"राहू द्या," ती म्हणाली. "बंदुकीकडे हात गेला की आधी त्या मोजत जा. शेवटच्या ओंडक्याला पोचेपर्यंत समोर कोण आहे ते दिसेल." आणि तिनं पाव आत ढकलला.